काळजीने बिघडलेली गिटार: रत्नागिरीच्या एका जे-४५चं प्रकरण

गिब्सन कंपनीची जे-४५ गिटार. नव्वदच्या दशकातली, अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात बोझमनच्या कारखान्यात बनलेली. समोरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा महोगनीच्या, फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) शिसवीचा, वरून नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे एक जातीचं वार्निश. मुक्काम रत्नागिरी, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरचं घर. घरातले काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. अमेरिकेच्या एका फेरीत त्यांनी ती घेतली आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वाजवली. ते गेल्यावर गिटार पुतण्याकडे आली. दसरा आटोपल्यावर तो आणि त्याची आई (मी त्यांना काकू म्हणतो) ती दुरुस्तीसाठी घेऊन पुण्याला माझ्याकडे आले.

पुतण्याची तक्रार थोडक्यात होती: मान चिकट लागते, हात सरकत नाही. आवाज बसलाय. फ्रेटच्या कडेला हिरवं काहीतरी साचलंय. आणि पाठीवर पांढुरका डाग पडलाय, तो पुसून जात नाही.

या गिटारची हेळसांड मुळीच झालेली नव्हती. उलट दीड-दोन वर्षांत तिच्यावर पाच निरनिराळे उपाय झाले होते आणि त्यातला प्रत्येक कुणीतरी आपुलकीने सुचवलेला होता. हेळसांड झालेल्या गिटार मी बऱ्याच पाहतो. धूळ झटकली, तारा बदलल्या की निम्मं काम होतं. उपचार झालेली गिटार त्याहून अवघड, कारण आधी कुठला उपचार कशावर बसलाय ते उकलावं लागतं.

पूर्वइतिहास

तो एका बैठकीत कळत नाही. "काय काय लावलंय?" असं विचारलं की लोक "काही नाही हो, नुसतं पुसलं" असं सांगतात. मी घरातल्या वस्तूंची नावं घेऊन विचारतो. सॅनिटायझर? फर्निचरचा स्प्रे? खोबरेल? गंज सोडवायचा स्प्रे? तेव्हा एकेक गोष्ट बाहेर येते.

काकांच्या पश्चात गिटार भिंतीवरच्या हुकावर टांगलेली होती. हुकाला काळ्या रबराची नळी. पहिल्याच पावसाळ्यात पाठीवर आणि मानेच्या बुडाशी बुरशी धरली, म्हणून काकूंनी कोविडच्या काळात उरलेल्या सॅनिटायझरने ती पुसून काढली. पुसलेला भाग निस्तेज दिसायला लागला, म्हणून त्यावर फर्निचर चमकवायचा स्प्रे. फ्रेटबोर्ड "कोरडा पडलाय" असं शेजारच्या कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यावर खोबरेल, तेही महिन्यातून एकदा. तारांवर गंज दिसला म्हणून सायकलच्या साखळीला मारतात तो स्प्रे. आणि शेवटी ती पेटीत ठेवताना डांबरगोळ्या.

"खोबरेलच लावलं हो, विष नाही लावलं," काकू म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मला त्यांना सांगायचं नव्हतं. पण गिटारमध्ये तीन वेगळ्या जातीचे पृष्ठभाग एका हाताच्या अंतरात असतात: धातूच्या तारा आणि फ्रेट, उघडं लाकूड, आणि लॅकरचा थर. एकाचं औषध दुसऱ्यावर सांडलं की तिथे रोग सुरू होतो. या प्रकरणात जे बिघडलं होतं त्यातलं जवळपास सगळं असं सांडण्यातून आलेलं होतं.

पाहणी

पहिल्या दिवशी मी काहीच पुसलं नाही. गिटार टेबलावर आडवी ठेवून, खोलीतला दिवा बंद करून, टॉर्च पृष्ठभागाला जवळपास समांतर धरून सगळी फिरवली. तिरक्या उजेडात लॅकरचे उंचसखल भाग लगेच कळतात. डोक्याच्या खाली, जिथे हुकाचे दोन हात टेकतात, तिथे दोन्ही बाजूंना लॅकर दबून बाजूला सरकलं होतं आणि रबराच्या नळीवरच्या बारीक रेघा त्यात उमटल्या होत्या. पाठीच्या खालच्या भागात पांढुरका डाग होता. त्याच्या कडा हात फिरवल्यासारख्या गोलाकार होत्या, म्हणजे तो पुसण्याचा डाग होता. समोरच्या फळीवर स्प्रेचा तेलकट, किंचित सप्तरंगी तवंग. मानेच्या मागे अंगठा टेकतो त्या पट्ट्यात नख हलकं दाबलं तर खूण राहत होती.

पेटीत रात्रभर आर्द्रतामापक ठेवला. सकाळी काटा सत्तरीच्या पुढे होता. अशा गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. लाकूड ओलावा धरून फुगलं होतं, समोरची फळी ब्रिजच्या (तारांची खालची टोकं ज्यात अडकवतात त्या पट्टीच्या) मागे थोडी वर आली होती आणि त्यामुळे तारा फ्रेटबोर्डापासून नको इतक्या उंच गेल्या होत्या. "वाजवायला जड झालीये" ही तक्रार पुतण्याने केली नव्हती. त्याला वाटत होतं, आपलाच सराव मोडलाय.

पुण्यात ऑक्टोबर संपता संपता हवा झपाट्याने कोरडी होते. कोकणातून आलेली फुगलेली गिटार उघडी टेबलावर टाकली तर लाकूड भराभर आकसतं आणि फळीला चीर जाऊ शकते. म्हणून तारा सैल करून ती पेटीतच ठेवली आणि आतली आर्द्रता काही आठवड्यांत हळूहळू पन्नाशीपर्यंत उतरू दिली. ही पेटी दुसरी, माझ्याकडची. तिची स्वतःची पेटी रिकामी करून गच्चीत ऑक्टोबरच्या उन्हात टाकली. पेटीला ऊन चालतं. गिटारला उन्हात ठेवायचं नाही, बुरशी कितीही असो. तापलं की आधी सरस मऊ पडतो आणि मग जोड सरकतात.

चिकटपणा कुणाचा: घाणीचा की लॅकरचा?

सगळ्या प्रकरणाचा गाभा हा प्रश्न होता.

नायट्रोसेल्युलोज लॅकर वाळतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, एवढंच. त्याच्या कणांमध्ये नवे रासायनिक बंध तयार होत नाहीत. म्हणून योग्य द्रावक मिळालं की ते वीस-तीस वर्षांनीही पुन्हा मऊ होतं. सुतारकामाच्या दुकानात जे 'एनसी थिनर' म्हणून मिळतं त्यातलं एनसी म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं तसं नाही. ते घट्ट होताना त्याची रासायनिक जाळी विणली जाते आणि मग सॅनिटायझरने त्याला सहसा काही होत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटार याच दुसऱ्या जातीच्या असतात. त्यामुळे "मी तर कायम सॅनिटायझरनेच पुसतो, काही होत नाही" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची गिटार वेगळी असते.

नायट्रोला घाम आणि त्वचेचं तेलही हळूहळू मऊ करतं. काही जणांच्या हाताला घामच असा असतो की वर्षभरात मान चिकट होते. रबर आणि व्हायनिलमध्ये लवचिकपणासाठी जे प्लास्टिसायझर घालतात, ते स्पर्शाच्या जागी लॅकरमध्ये उतरतं आणि लॅकर मेणासारखं होतं. हुकाच्या खुणा त्यातून आल्या. पांढुरका डाग सॅनिटायझरचा: अल्कोहोलने वरचा थर मऊ केला आणि सोबतचं पाणी त्यात अडकून लॅकर धुरकट झालं.

मानेच्या चिकटपणाला दोन कारणं असू शकत होती. वरवरचा मळ, किंवा लॅकरच मऊ पडलेलं. ते ओळखायची कसोटी साधी आहे. नॅफ्था, म्हणजे पेट्रोलियमचं हलकं द्रावक (लायटरमध्ये भरायचं फ्लुइड याच जातीचं), तेल आणि मेण विरघळवतं पण वाळलेल्या नायट्रोला धक्का लावत नाही. मानेच्या बुडाशी, सहज दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीने नॅफ्था लावून तपासलं. काही झालं नाही. मग मानेचा चार बोटं रुंदीचा भाग पुसला. मलमलीच्या फडक्यावर तपकिरी-काळपट पट्टा आला. दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुन्हा. तिसऱ्या वेळी फडकं स्वच्छ राहिलं. हात फिरवला. पहिल्या पाच फ्रेटच्या मागचा चिकटपणा गेला होता, तो मळाचा होता. पाचव्यापासून नवव्यापर्यंत, जिथे काका सगळ्यात जास्त वाजवत असावेत, तिथे मात्र स्वच्छ झालेलं लॅकर तरीही अंगठ्याला धरून ठेवत होतं.

म्हणजे एकाच मानेवर दोन रोग. तिथे पुसत राहून उपयोग नव्हता, आणि चिकटपणा जात नाही म्हणून जोराचं द्रावक घेतलं असतं तर थेट लाकूड लागलं असतं.

(नॅफ्था घरी वापरणार असाल तर: खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवा विझलेला. ओली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नयेत, बाहेर पसरून वाळवावीत. आणि नॅफ्था नाही म्हणून पेट्रोल मुळीच नको.)

नॅफ्थाने घामातलं मीठ मात्र निघत नाही, कारण ते पाण्यात विरघळतं. त्यासाठी जेमतेम ओलं, चांगलं पिळलेलं सुती फडकं आणि लगेच कोरडं फडकं. हट्टी ठिपक्यांना मी थुंकी वापरतो. हसू नका. वस्तुसंग्रहालयांतले संवर्धक जुन्या चित्रांवर आणि सोनेरी मुलाम्यावर हेच करत आले आहेत. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर मळ सोडवतं. पोर्तुगालमधल्या तिघा संशोधकांनी त्याचा रीतसर अभ्यास केला आणि २०१८ साली त्यांना रसायनशास्त्राचं इग नोबेल (हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. काकूंसमोर मात्र मी ते केलं नाही.

तारा

तारा स्वच्छ केल्या नाहीत. काढून टाकल्या.

"स्वच्छ करून चालणार नाहीत का?" असं पुतण्याने विचारलं. विद्यार्थीच तो, प्रश्न रास्त होता. खालच्या चार तारांमध्ये पोलादी गाभ्यावर फॉस्फर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. त्यात मुख्यतः तांबं आणि थोडं कथील. त्या गुंडाळीच्या फटींत त्वचेचा मळ, घाम आणि इथे तर गंजाच्या स्प्रेचं तेलही साचलं होतं. तारेचा खणखणीतपणा वरच्या स्वरांशांमुळे, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांमुळे येतो आणि फटीतला मळ नेमके तेच खाऊन टाकतो. बेस गिटारवाले तारा पाण्यात उकळून घेतात, त्याने मळ सुटतो आणि काही दिवस आवाज परत येतो. बेसच्या तारांचा संच महाग असतो, तिथे तो खटाटोप परवडतो. पण गंजाने खाल्लेला धातू उकळून परत येत नाही. वरच्या दोन साध्या पोलादी तारांखालून बोट फिरवलं तर खडबडीत खड्डे लागत होते. असे खड्डे पडलेली तार सुरातही नीट लागत नाही, कारण तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. शिवाय ती फ्रेट घासते.

गंजाच्या स्प्रेने तारांचं फार बिघडलं नाही, त्या तशाही संपल्याच होत्या. बिघडलं ते खालच्या लाकडाचं. तारेवर मारलेला स्प्रे फ्रेटबोर्डावर पडला आणि खोबरेलाच्या थरात मिसळला.

शिसव

आता फ्रेटबोर्ड. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरं सांगायचं तर मजाही इथेच आली.

भारतीय शिसव, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीतलं झाड. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाल्यावर १९६९च्या सुमारास मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, आणि आज जगभरच्या गिटारवर हीच दिसते. या लाकडात स्वतःचं तेल आणि राळ असते. म्हणूनच त्यावर लॅकर न मारता ते उघडं ठेवता येतं. मेपलच्या फ्रेटबोर्डाला ही सोय नाही, त्यावर लॅकरचा थर द्यावा लागतो आणि तो झिजला की खालचं पांढरं लाकूड काळंमिचकूट दिसतं. असे मळके फ्रेटबोर्ड दिसायला लागले म्हणून फेंडर कंपनीने १९५८ साली जॅझमास्टर ही इलेक्ट्रिक गिटार शिसवीच्या फ्रेटबोर्डासह काढली आणि पुढच्या वर्षी बाकीच्या गिटारही शिसवीवर नेल्या, असं सांगतात. मळामुळे गिटारची घडण बदलल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण. तुमचा फ्रेटबोर्ड मेपलचा आणि चकचकीत असेल तर या भागातलं काहीही त्याला लागू नाही. त्याला लॅकरसारखंच वागवायचं.

या शिसवीवर खोबरेल, मृत त्वचा, धूळ आणि स्प्रे यांचा मिळून काळा लगदा झाला होता, फ्रेटच्या कडेला तर अर्धा मिलिमीटर जाडीचा. आणि फ्रेटला लागून मोरपिशी हिरवी किनार. फ्रेट ज्या मिश्रधातूचे असतात त्याला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात: तांबं, निकेल, जस्त. चांदीचा त्यात कण नाही. खोबरेलातून सुटणारी मेदाम्लं त्यातल्या तांब्याशी आणि तारेतल्या तांब्याशी मिळून तांब्याचा साबण तयार करतात. तो हिरवा असतो. काकू रोज पितळी समई घासतात, त्यांना समईत तेल राहिलं की बुडाशी काय दिसतं ते लगेच आठवलं. "म्हणजे तेलानेच हे झालं?" त्यांनी विचारलं. हो, तेलाने, आणि त्याला साथ दमटपणाची.

लोक म्हणतात लाकडाला तेल "पाजायचं". कापलेलं, वाळवलेलं लाकूड तहानलेलं नसतं. ते हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. तेलाने ही ये-जा फारशी थांबत नाही. तेलाचा उपयोग दिसण्यापुरता आणि पृष्ठभागावर मळ बसू नये इतपत. रत्नागिरीच्या हवेत शिसव कोरडी पडण्याची शक्यता जवळपास नाहीच. तिथे फ्रेटबोर्ड फिकट दिसत असेल तर बहुतेक वेळा तो घामाच्या मिठाचा थर असतो. हे तेल दर महिन्याला लावत राहिलं की ते फ्रेटच्या खाचांत उतरतं आणि तिथून काढता येत नाही.

काम असं झालं. साउंडहोलवर, म्हणजे फळीतल्या गोल भोकावर, कागद चिकटवला. फ्रेटबोर्डाच्या कडेच्या लॅकरला मास्किंग टेप. मग जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड घेऊन लगदा खरवडला. कोरडाच, द्रावक न लावता. आधी नॅफ्था ओतलं असतं तर सगळा लगदा पातळ होऊन शिसवीच्या छिद्रांत बसला असता. खरवडून निघाला तो मळ तपकिरी शेवेसारखा गुंडाळून आला. फ्रेटच्या बुडाला दातकोरणी. त्यानंतर मऊ टूथब्रश नॅफ्थात बुडवून, झटकून, एका वेळी एका फ्रेटच्या खणात, लगेच पुसायचं. हिरवी किनारही याच ब्रशने बऱ्यापैकी सुटली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी असते. सुरुवातीला फडक्यावर काळं येतं. मग राखाडी. मग एका क्षणाला फडक्यावर जांभळट-तपकिरी, थोडा वाइनसारखा रंग यायला लागतो. तो मळ नाही, शिसवीचा स्वतःचा रंग आहे. तो दिसला की थांबायचं. "अजून निघतंय, अजून निघतंय" करत पुसत राहिलेले फ्रेटबोर्ड मी पाहिलेत, मधले खण फिके आणि कडेचे गडद.

सगळ्यात शेवटी चार शून्यांची, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल रेषेच्या दिशेने हलक्या हाताने. फ्रेटही त्यातच उजळले. या गिटारला चुंबकाचं पिकअप (तारांची कंपनं टिपून विजेच्या संकेतात बदलणारा भाग) नव्हतं म्हणून स्टील वूल चाललं. इलेक्ट्रिक गिटारजवळ ते उघडूच नये. त्याचे बारीक कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि आयुष्यभर तिथेच राहतात. तिथे कृत्रिम धाग्यांचं पॅड वापरतात.

यानंतर मिनरल ऑइल लावलं, पूर्ण फ्रेटबोर्डाला मिळून मोजके थेंब. फडक्यावर घेऊन लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग कोरड्या फडक्याने बोट सुकं निघेपर्यंत पुसून काढायचं. गिटारच्या दुकानात लेमन ऑइल म्हणून जे मिळतं तेही बहुतांशी असंच पेट्रोलियमचं तेल असतं, वास लिंबाचा. लिंबू पिळायला कुणी सांगितलं तर ऐकू नये. जवसाचं तेलही नको, ते हवेत घट्ट होऊन चामट थर धरतं; आणि त्याची भिजलेली चिंधी गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेट घेऊ शकते.

लॅकर: कुठे थांबायचं

समोरच्या फळीवरचा फर्निचर स्प्रे नॅफ्थाने काढला, प्रत्येक वेळी नवं फडकं घेऊन. असल्या स्प्रेत सिलिकॉन असतं. त्याने दिसायला काही बिघडत नाही, पण पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली तर नव्या थरात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. म्हणून ते जेवढं निघेल तेवढं काढणं भाग होतं.

पाठीवरचा पांढुरका डाग मी लगेच हाताळला नाही. आर्द्रता उतरत गेली तसा तो आपोआप अर्ध्याहून फिका झाला, अडकलेलं पाणी निघून गेल्यामुळे. उरलेल्या भागावर अगदी सावकाश उडणाऱ्या द्रावकाचा विरळ फवारा दिला. त्याने लॅकर क्षणभर सैल होतं, ओलावा बाहेर पडतो आणि थर पुन्हा सपाट बसतो. हे घरी करू नये. फवारा किंचित जास्त झाला की लॅकर ओघळतं. डाग आता नेमकी जागा माहीत असेल तरच दिसतो.

पाच ते नऊ फ्रेटच्या मागची मऊ जागा आर्द्रता उतरल्यावरही नखाची खूण धरत होती. तेवढ्याच पट्ट्यातलं लॅकर खरवडून काढलं, कडा विरळ करत नेल्या आणि पातळ नायट्रोचे नवे थर दिले. ते पुरतं घट्ट व्हायला काही आठवडे लागले. तेवढे दिवस गिटार माझ्याकडेच राहिली आणि पुतण्याचे फोन येत राहिले.

हुकाच्या खुणांवरून आमचा थोडा वाद झाला. काकूंचं म्हणणं, आता एवढं केलंच आहे तर सगळीच नव्यासारखी चकचकीत करून द्या. मी नाही म्हटलं. खुणांच्या जागचं लॅकर प्लास्टिसायझरमुळे बदललेलं आहे. तिथे भर घालता येते, पण ती खालच्या मऊ थरावरच बसणार. पूर्ण गिटार नव्याने लॅकर करायची तर जुना थर उतरवावा लागतो, फळी थोडी तरी घासली जाते, आवाज बदलू शकतो आणि मूळ लॅकर गेलं की गिटारची किंमत उतरते ती वेगळीच. शिवाय काकांचा हात जिथे टेकायचा तिथे, साउंडहोलच्या वर, लॅकर झिजून फळी किंचित उघडी पडली आहे. ती जागाही मग झाकली जाईल. पुतण्या म्हणाला, "आई, ती जागा राहू दे." वाद मिटला.

आतली बुरशी लहान आरशाने पाहून, मऊ ब्रशने सोडवून व्हॅक्यूमने ओढून घेतली. तोंडाला मास्क लावून, गच्चीत. डांबरगोळ्यांचा वास पेटीच्या अस्तरात इतका मुरला होता की उन्हातही गेला नाही. पेटी बदलायला लावली.

परत रत्नागिरीला

नव्या तारा लेप दिलेल्या फॉस्फर ब्राँझच्या, जाडी १२ ते ५३ (इंचाच्या हजाराव्या भागात). साध्या तारांपेक्षा महाग पडतात, पण समुद्राकाठी त्या कितीतरी जास्त टिकतात आणि काकूंच्या हातात पुन्हा स्प्रेची बाटली यायचं कारण उरत नाही. वाजवून झालं की धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती पंचा तारांच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून फिरवायचा. खालून पुसायला लोक विसरतात. गंज तिथूनच सुरू होतो.

हुक काढला. पावसाळ्यात गिटार पेटीत, पेटीत आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलावा घेऊन रंग बदलतात तेव्हा मंद आचेवर तव्यावर तापवून पुन्हा वापरता येतात. ज्या कपाटात पेटी ठेवतात तिथे काकूंनी कमी वॅटचा बल्ब लावलाय. रेशमी साड्यांसाठी कोकणात ही युक्ती जुनीच आहे: आतली हवा थोडी तापते, सापेक्ष आर्द्रता उतरते. बल्ब पेटीपासून दूर हवा, एवढंच सांगितलं. फ्रेटबोर्डाला तेल बंद. पुतण्या शिकायला पुण्यात आहे आणि गिटार त्याच्यासोबत इकडे येते तेव्हा उन्हाळ्यात एकदा मीच लावून देईन.

पुढच्या श्रावणात पुतण्याने पेटीतल्या मापकाचा फोटो पाठवला, काटा साठीच्या थोडा वर. त्या हवेत इतकं चालतं. तारा फळीपासून पूर्वीइतक्या वर गेलेल्या नाहीत, मान कोरडी आहे. तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटच्या कडेला हिरवी छटा पुन्हा डोकावतेय असं त्याला वाटलं. जवळून घेतलेल्या फोटोत पाहिलं तर ती किनार नव्हती, खाचेत उरलेलं जुनं तेल वर येत होतं. कोरडा टूथब्रश फिरवायला सांगितलं, नॅफ्था नको म्हटलं. पहिले तीन फ्रेट गंजलेल्या तारांनी थोडे खाल्ले आहेत, ते दोनेक वर्षांत समपातळीत आणावे लागतील. तेव्हा खाचांतलं तेल किती उरलंय तेही कळेल.